संग्रहालय रात्री बारालाही उघडं ठेवा

प्रति,
मुंबई महापालिकेच्या वस्त्रोद्योग संग्रहालयाचं काम पाहणारे अधिकारी, वास्तुरचनाकार, सल्लागार आणि ज्यांच्या सहीवाचून कागद पुढं सरकत नाही अशी सगळी मंडळी,

स. न. वि. वि.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत तुम्ही गिरण्यांचं संग्रहालय करताय. तिथं साचे मांडणार, भिंतींवर चित्रं काढणार, तळ्यात रंगीत कारंजं नाचवणार, असं वेळोवेळी वाचलं. कारंज्याबद्दल माझी तक्रार नाही, पाणी उडालेलं बघायला माणसांना आवडतं. माझं मागणं वेगळं आहे आणि ते इथंच सांगून टाकतो, कारण अर्जाचा दुसरा परिच्छेद वाचणारा साहेब मला आयुष्यात भेटलेला नाही. हे संग्रहालय संध्याकाळी पाचला बंद करू नका. रोज नाही जमलं तर महिन्यातनं एक रात्र तरी ते सकाळपर्यंत उघडं ठेवा.

कारण सांगतो. गिरणगाव दिवसा दिसायचंच नाही. दिवसा दिसायच्या त्या काळ्या भिंती आणि चिमण्या. सकाळी सातला पहिली पाळी आत जायची. साडेतीनला ती सुटायची आणि दुसरी आत. रात्री बाराला दुसरी बाहेर, तिसरी आत, ती पुन्हा सकाळी सातपर्यंत. म्हणजे कुठल्याही वेळी गावातला एक भाग भिंतीआड आणि एक भाग कुठल्यातरी गॅलरीत चादर डोक्यावर ओढून पडलेला. सगळे जागे, सगळे बाहेर, अशी वेळ एकच, रात्री बाराच्या आगंमागं. भोंगा झाला की परळ नाक्यापासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत रस्ता माणसांनी भरून जायचा. केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापूस. लांबून बघितलं तर सगळं गाव एका रात्रीत म्हातारं झाल्यासारखं.

मी १९५७ चा. चाळ काळाचौकीची, घर साताऱ्याकडचं. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ ची रात्र. वडिलांनी मला खांद्यावर घेऊन रस्त्यावर उभं केलं होतं. ट्राम आठवत नाही. आठवतो तो त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास आणि माणसांची शिट्ट्या मारायची हौस. त्या वयात रात्री अकरा-बाराला जागं असणं यात काही विशेष आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. पुढं एका मित्राकडे दादर हिंदू कॉलनीत राहायला गेलो तर नऊला दिवे बंद. मला वाटलं, त्यांच्या घरात कोणीतरी वारलंय.

वडील साचाखात्यात होते. बाहेरचे लोक लूम म्हणतात त्याला आम्ही साचा म्हणतो, तुमच्या पाट्यांवर कृपया तोच शब्द येऊ द्या. आधी दोन साचे सांभाळायचे, पुढं चार. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी नळी, उजवीकडनं डावीकडं आणि डावीकडनं उजवीकडं आपटायचा, शेकडो साच्यांवर, एकाच वेळी. त्या आवाजात बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून खात्यातली माणसं ओठ आणि हात वाचायची. वीसेक वर्षांत कान गेले. आमच्या चाळीत सगळे ओरडून बोलायचे, ते भांडकुदळ होते म्हणून नव्हे. निम्म्या पुरुषांना हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. आकाशवाणीच्या 'कामगार सभे'त लोकगीतं लागली की रेडिओचं बटण शेवटपर्यंत पिळलेलं असायचं.

हे मी मुद्दाम सांगतोय. गिरणगावाचं संगीत मोठ्या आवाजाचं होतं, असं हल्ली फार नाक मुरडून बोललं जातं. हलगी, ढोलकी, झांजा, ताशा, पुढं बेंजो. त्यांना मी एवढंच विचारतो, बहिऱ्या माणसानं कुठलं वाद्य ऐकायचं? सतार? वडिलांना सनई ऐकू यायची नाही. हलगी यायची. ती कानांनी नाही, छातीनं ऐकतात.

तर हनुमान थिएटर. लालबागचं, मधुकर नेराळ्यांचं. तुमच्या नकाशात त्याचं नाव आहे की नाही ते बघा. गिरणीत काम करणारा घाटावरचा माणूस गावची जत्रा सोडून आला होता, ती जत्रा त्याला या थिएटरात मिळायची. गावाकडं तमाशाचा फड वर्षातनं एकदा येणार, तोही जत्रेला. इथं तिकीट काढलं की झालं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, काळू-बाळू, दत्ता महाडिक ही नावं वडील घरात अशा चालीत घ्यायचे की लहानपणी मला ती कुलदैवतांच्या यादीतली वाटायची. विठाबाई दिवस भरलेले असताना बोर्डावर उभ्या राहिल्या, मधेच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा येऊन नाचल्या, ही गोष्ट तर मी शाळेत शिवाजी महाराजांच्या गोष्टींबरोबरीनं शिकलो.

पहिल्यांदा वडिलांनी नेलं तेव्हा मी तेरा वर्षांचा असेन. बोनस झाला होता. आईला सांगितलं, कीर्तनाला चाललोय. आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "कीर्तनाला फेटा बांधून कोण जातं?" वडिलांना ते ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. आम्ही गेलो.

आत जायच्या आधी थिएटराच्या मागच्या बाजूला दोघंजण कागद पेटवून हलगी शेकत बसले होते. कातडं तापलं की ताणलं जातं आणि आवाज कडक निघतो. मध्ये मध्ये बोटानं टिचकी मारून बघायचे. भाकरी झाली का बघावी तसं. मग ढोलकी आणि हलगीची जुंपली. नुसती त्या दोघांचीच, कितीतरी वेळ, गण सुरू व्हायच्या आधी. बाकावर बसलेल्या माणसांचे पाय आपोआप हलत होते. आणि माझे वडील, घरात दोनदा हाक मारल्याशिवाय न वळणारे, हलगीवाल्याच्या बोटांकडं बघत मान डोलावत होते. सम चुकत नव्हती. मला त्या वयात सम वगैरे कळत नव्हतं, पण वडील बरोबर आहेत एवढं कळत होतं.

गण झाला, गौळण झाली. मावशी आली, पेंद्या आला, त्यांनी कृष्णाला अडवलं, मथुरेच्या बाजारात लालबागच्या मटणाचा भाव निघाला. थिएटर हसायचं आणि वडील अर्ध्या क्षणानं मागनं हसायचे. सोंगाड्याचे ओठ वाचून. कधीकधी सगळे गप्प झाल्यावर एकट्या वडिलांचं हसू यायचं आणि मग त्या हसण्यालाच सगळे पुन्हा हसायचे. सोंगाड्यानंही एकदा ते पकडलं, त्यांच्याकडं बोट करून म्हणाला, "हे पावनं साचाखात्यातलं दिसत्यात." साऱ्या थिएटरात ज्याचे कान शाबूत असतील असा साचेवाला तरी कुठं होता! त्या रात्री ते वाक्य वडिलांनी चाळीत दहा जणांना सांगितलं, सन्मान झाल्यासारखं.

दौलतजादा व्हायचा, म्हणजे नाचणारीवर पैसे उधळायचे. अमुक गिरणीच्या अमुक खात्याच्या मंडळींकडून एवढे एवढे रुपये, असा पुकारा. कोणाकोणाच्या घरचा तो महिन्याचा किराणा असायचा, हेही लिहितो, नाहीतर हे पत्र नुसतं गोडगोड होईल. वग, म्हणजे तमाशातलं नाटक, पहाटेपर्यंत चालायचा. मी राजाच्या दरबारात झोपलो आणि राजाला फाशी होताना जागा झालो. मधलं काय झालं ते वडिलांनी घरी येताना सांगितलं, पण ते त्यांनी मनानंच रचलं होतं, हे मला फार उशिरा, तोच वग दुसऱ्यांदा बघताना कळलं.

नव्वदच्या दशकात तिथला तमाशा थांबला आणि पुढं तिथं लग्नं लागायला लागली. माझ्या पुतणीचंही लागलं. अक्षता टाकताना मी बोर्ड कुठल्या अंगाला होता ते शोधत होतो. बायकोनं कोपर मारलं.

वडिलांच्या आधीच्या पिढीचं तमाशाचं सगळं पिला हाउसला. ग्रँट रोडला. 'प्लेहाउस'चं पिला हाउस आपल्याच लोकांनी केलं. पठ्ठे बापूराव आणि पवळा तिथं गाजले. ते मी पाहिलं नाही, म्हणून पुढं लिहीत नाही.

आमच्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली होती, दहा बाय बाराची, रत्नागिरीकडच्या एका गावच्या मंडळाची. पटावर तीसेक माणसं. भिंतीभर खुंट्या, खुंटीला पिशव्या, माळ्यावर ट्रंका, ट्रंकेवर नाव आणि गाव पांढऱ्या रंगानं. सकाळी रातपाळीवाला आला की पहिल्या पाळीवाल्यानं सोडलेल्या वळकटीवर आडवा. अंथरूण थंड व्हायची वेळच येत नसे. तुम्ही संग्रहालयात अशी एक खोली नक्की कराल, पुतळे मांडाल, पुतळ्यांना टोप्या घालाल. एक सांगतो, त्यात सगळे पुतळे झोपलेले किंवा सगळे बसलेले दाखवू नका. तसं कधी नव्हतं. शनिवारी रात्री सोडून.

रविवारची सुट्टी असायची, त्यामुळं शनिवारी दुसरी पाळी सुटली की त्या खोलीत भजन बसायचं. खोलीत मावतील तेवढे आत, बाकीचे गॅलरीत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला कणकेचा गोळा लागतो. तो समोरच्या खाणावळीतल्या मावशींकडून आणायचं काम माझं. गोळा सैल झाला तर आवाज बसतो, घट्ट झाला तर लागत नाही. मावशींना पखवाजातलं काही कळत नव्हतं, पण गोळा कसा लागतो ते बोटांना कळत होतं. एकदा मी दुसऱ्या घरनं कणीक नेली तर पखवाजवाल्यानं परत पाठवलं.

आधी गजर, मग रूपाचा अभंग, मग पुढं पुढं चढत जाऊन गौळण. पेटीवर बुवा. हे बुवा सूतकताईच्या त्रासनखात्यात तार सांधायचे, बोटं सुरीसारखी चालायची, तीच पेटीवर. कधी दुसऱ्या गावच्या मंडळाचा बुवा यायचा आणि डबलबारी रंगायची. हा अभंगातनं प्रश्न टाकणार, पुराणातली एखादी गाठ, त्यानं गाऊनच ती सोडवायची. नाही सुटली तर टाळ्या समोरच्याला. आमचे वडील दारात, चौकटीला टेकून. ते भजनात कधी डोळे मिटत नसत. मला वाटायचं त्यांची भक्ती कमी. ते बुवांचे ओठ वाचत होते.

याच लोकांची जाखडी. आम्ही घाटावरची पोरं तिला चिडवायला बाल्या नाच म्हणायचो आणि मार खायचो. शक्तिवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष, पायात चाळ, मध्ये ढोलकी, भोवती रिंगण, आणि शाहिरानं शाहिराला दिलेले सवाल. परळच्या दामोदर नाट्यगृहात, १९२२ सालच्या त्या हॉलमध्ये, मी शक्ती-तुऱ्याचा एक सामना बघितलाय, ज्यात एका शाहिरानं दुसऱ्याला भर कवनात विचारलं की तुझ्या गुरूनं तुला हा छंद शिकवला की तू तो खिडकीतनं ऐकलास. त्यावर अर्धा हॉल उभा राहिला. दामोदरला नाटकंही व्हायची, कामगारांची, दिवसा बॉयलरवर आणि रात्री औरंगजेब. आमच्या चाळीतला एकजण सतत स्त्रीपार्टी करायचा. त्याची बायको त्याला साडी कशी नेसायची ते शिकवताना रडकुंडीला यायची आणि तो म्हणायचा, तू माझ्यापेक्षा बरी नेसतेस हे मला मान्य आहे.

बायकांचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. कारखाना कायद्यानं, १९४८ च्या, संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना गिरणीत कामाला बंदी होती. म्हणजे वर सांगितलेली रात्र पुरुषांची होती. बायकांची रात्र चुलीपुढं. आमच्या समोरच्या मावशी पंचवीस-तीस माणसांना जेवू घालायच्या, एका खोलीत, तीन पाळ्यांच्या वेळा सांभाळून. पहाटे चारला नळ यायचा, तो भरायचा. सहाला पहिल्या पाळीचे डबे. रात्री बारानंतर दुसऱ्या पाळीची पंगत. त्या झोपायच्या कधी, हे मी लहानपणी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "बसल्या बसल्या." महिन्याचा हिशोब कॅलेंडरच्या पानामागं, जेवला नाही त्या दिवसाचा खाडा वजा. संपात आणि बंदच्या दिवसांत उधारीवर जेवण चालू. १९७५ मध्ये प्रेमा पुरवांनी अशाच खाणावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठं सावकाराचा पाय दारातनं निघाला. बाराच्या पंगतीला मावशी कधीकधी ओव्या म्हणायच्या, जात्यावरच्या, जातं नव्हतं तरी. भाकरी थापत. जेवणारे गप्प असायचे. मला आठवणारं सगळ्यात हळू संगीत तेवढंच, आणि ते ज्यांच्यासाठी म्हटलं जायचं त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नसणार.

शाहिरांबद्दल मी फार लिहीत नाही, ते तुमच्याकडं आधीच असेल. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांना कामगार मैदानात ऐकलेली माणसं आमच्या चाळीत डझनानं होती. अमर शेखांना माईक लागायचा नाही, हे वडील सांगायचे आणि त्यांच्या तोंडून ते प्रमाणपत्र होतं. दोघंही एकाच वर्षी गेले, १९६९ ला, जुलैत अण्णाभाऊ, ऑगस्टात अमर शेख. अमर शेख गेले त्या दिवशी डफ वाजला नाही आणि वडिलांनी विचारलं, आज एवढं शांत का.

रात्री चांगल्याच होत्या असं नाही. दारूबंदीमुळं हातभट्टी होती, नवटाकानं मोजून मिळायची, आणि तिच्यापायी आमच्या मजल्यावरची दोन घरं बसली. मटका होता, आकड्यांचा जुगार. नऊला ओपन, बाराला क्लोज. दुसरी पाळी सुटायची आणि क्लोजचा आकडा यायचा, वेळ एकच. गेटावर बायको पगार घ्यायला उभी, बाजूच्या बोळात आकडा लिहिणारा उभा. कोण आधी गाठतं यावर त्या महिन्याचं ठरायचं. १९७० च्या जूनमध्ये आमदार कृष्णा देसाईंचा लालबागेत खून झाला आणि पुढचे काही महिने आईनं मला गॅलरीत झोपू दिलं नाही. हेही संग्रहालयात असावं. कुठल्या दालनात ते तुम्ही ठरवा.

१९७९ ला मीही बदली म्हणून लागलो. सकाळी गेटावर उभं राहायचं, कोणाची रजा असेल तर काम, नाहीतर घर. तीन वर्षं तेच. १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. पहिल्या आठवड्यात रोज रात्री भजन झालं. सुट्टीच होती की. मग आठवड्यातनं दोनदा. मग मंडळाच्या खोलीतल्या ट्रंका खाली यायला लागल्या. एक गेला की खुंटी रिकामी, असं करत करत दिवाळीपर्यंत खोलीत चार माणसं. पखवाजवाला गावी गेला, पखवाज इथंच. वाजवणारा नव्हता म्हणून कणीक न्यायला मला कोणी सांगेना. संप मागं घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलं नाही, तसं भजन बंद झाल्याचंही नाही. वडिलांनी रात्री बाराला उठून बसायचं सोडलं नाही. भोंगा नव्हता, तरी उठायचे. दहा मिनिटं बसून पुन्हा आडवे.

मी पुढं छापखान्यात लागलो. तिथंही रातपाळीच. बरं वाटलं.

आता तुमच्या गिरणगावातली रात्र. लोअर परळला मी कधीकधी रात्री मुद्दाम चक्कर मारतो. गिरण्यांच्या आवारात पब, हॉटेलं, रांगा, गाड्या. आवाज आमच्यापेक्षा कमी नाही, आणि मला त्याचा राग येत नाही. माझी नात तिथं जाते, येऊन सांगते की आजोबा, छातीत वाजतं. मी म्हणतो, हलगीही तशीच होती. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारात आग लागली आणि चौदा जणं गेली. त्या रात्री मला गिरणीतल्या कापसाच्या आगी आठवल्या. खात्यात आगीच्या बादल्या असायच्या, लाल, वाळूच्या, त्यांना हात लावला की मुकादम ओरडायचा. आणि आठवतात ती त्याच आवारातनं रात्री एकनंतर मागच्या दारानं निघणारी पोरं, भांडी घासणारी, ट्रे उचलणारी, गाड्या लावणारी. शेवटची लोकल गेलेली, पहिलीला अजून तीन तास. स्टेशनाबाहेर, दुकानाच्या पायरीवर बसलेली असतात, मोबाइल बघत. रातपाळी संपलेली नाही, साहेब. फक्त कापूस नाही केसांत.

जानेवारी २०२० मध्ये सरकारनंच मुंबईतल्या मॉलना आणि आवारबंद जागांतल्या हॉटेलांना रात्रभर उघडं राहायला परवानगी दिली. मग गिरणीच्या जागेत बर्गर पहाटे तीनला चालतो, तर गिरणीचं संग्रहालय का चालू नये? तुम्ही म्हणाल, आवाजाचा नियम आहे. आहे, २००० सालचा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. आम्हाला ध्वनिक्षेपक नकोच. भोंगा म्हणजे आमच्याकडं गिरणीचा, लाउडस्पीकरला भोंगा म्हणायची पद्धत नंतरची. भजन, वग, शक्ती-तुरा, हे सगळं तोंडानं आणि कातड्यावर होतं. दगडी भिंतींच्या खात्यात दारं लावून बसलो तर बाहेर टॉवरमध्ये कोणाची झोप मोडणार नाही. शेकडो साच्यांचा आवाज ज्या भिंतींनी आत ठेवला, त्यांना एक पखवाज जड जाईल असं वाटत नाही.

मला डोळ्यांपुढं असं दिसतं. शनिवार. रात्री बाराला भोंगा, खरा, रेकॉर्ड केलेला चालेल. दार उघडं. एका खात्यात शक्ती-तुरा, कोकणातली मंडळं आजही मुंबईत हॉल घेऊन सामने करतात, त्यांना हॉलभाडं परवडत नाही एवढंच. दुसऱ्या खात्यात भजन. तिसऱ्यात वग, फडवाल्यांना बोलवा, बिदागी द्या, हार घालून परत पाठवू नका. पिठलं-भाकरी बाराच्या पंगतीला, आणि ती खाणावळवाल्या बायकांच्या मुलींच्या, नातींच्या हातची, कंत्राटदाराची नको. ज्यांची लोकल चुकली त्यांना प्रवेश फुकट. पहिल्या गाडीपर्यंत बसू द्या. झोपले तर झोपू द्या, वगाला झोपायची परंपरा आहे, मी स्वतः झोपलोय.

आता माझ्याकडच्या मालाबद्दल. बुवा १९८२ च्या दिवाळीनंतर गावी गेले. जाताना तीन वह्या आमच्याकडं ठेवल्या, पुढच्या महिन्यात येतो म्हणाले. आले नाहीत, आणि पुढं तिकडूनच कळलं की आता येणार नाहीत. वह्या गिरणीच्या कापडात शिवलेल्या आहेत. पानं कोरी नाहीत, उत्पादनाच्या पावत्यांची मागची बाजू. पुढं किती वार कापड निघालं ते, मागं अभंग. मध्येच कोणाचे वीस रुपये येणे, एस्टीचं भाडं, एका डबलबारीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आणि त्याच्याखाली "हे कोणास दाखवू नये". मी चाळीस वर्षं नाही दाखवलं.

बुवांची पद्धत अशी की गजर लिहिला की वर चाल लिहायची. बहुतेक सिनेमातल्या गाण्यांची, एखादी नाटकातली. शेवटच्या गजराला चाल लिहिलेली नाही. शब्द पूर्ण आहेत, आठ ओळी, पण म्हणायचा कसा ते कळत नाही. मी बऱ्याच चालींवर बसवून बघितला, एक अक्षर तरी उरतंच. तो संपाच्या पहिल्या महिन्यातला असावा, म्हणजे त्या खोलीत तो निदान दोन-तीनदा म्हटला गेला असणार. तेव्हा टाळ धरून बसलेली पोरं आता सत्तरीला आलीत. कोणी विरारला असेल, कोणी दिव्याला, कोणी राजापुरात. दिवसा दालनात काचेआड वही ठेवलीत तर ते येतीलही, बघतील, चष्मा पुसून निघून जातील. रात्री दीडला, पखवाज लागलेला असताना, कोणीतरी पेटीवर चुकीची चाल धरेल आणि मागनं एखादा म्हातारा ओरडेल, तशी नव्हे रे.

वह्या मी संग्रहालयाला द्यायला तयार आहे. पावती नको, पण पान फाटणार नाही एवढं बघा. कधी आणू ते कळवा. दुपारची वेळ मात्र देऊ नका, दुपारी मी झोपलेला असतो.

आपला,
एका साचेवाल्याचा मुलगा
काळाचौकी, मुंबई